गॅस्केट

सशांच्या खुराड्यामागे, कोळशाच्या रिकाम्या पोत्यांखाली
बाबांची जावा निघाली.
दोनशे पन्नास, सन एकोणपन्नासची.
टाकीचा गर्द लाल रंग पापुद्र्यांनी सुटलेला,
सायलेन्सरमध्ये उंदरांनी संसार थाटून मोडलेला,
सीटवर कधीतरी एखादी कोंबडी खुडूक बसून गेली असावी.
शेजारचा झ्बिन्येक म्हणाला,
भंगारवाला उद्याच येतोय त्रेबीचहून.
म्हटलं, येऊ दे. तू तेवढा पुलर आण.

पोस्टात पस्तीस वर्षं काढली.
अडलेल्या गोष्टीला घाई चालत नाही,
एवढंच तिथे शिकले.
पिस्टन सिलिंडरला धरून बसला होता,
भाऊबंद जुनं भांडण धरून बसतात तसा.
डिझेल ओतलं, आणि रोज सकाळी कॉफी पिताना
लाकडी ठोकळा ठेवून एक हलकी टपली.
सतराव्या दिवशी तो केसभर सरकला.
मी कुणाला सांगितलं नाही.

बेअरिंगं निघेनात म्हणून इंजिनाचं कवच
ओव्हनमध्ये ठेवलं, जिथे मार्टिनच्या सणाला हंस भाजतो.
टप् टप् करत ती आपसूक पडली.
आठवडाभर घराला जळक्या तेलाचा वास.
ब्र्नोहून मुलीचा फोन: आई, तुझं वय काय!
सदुसष्ट, म्हटलं. गाडीचं शहात्तर.

मग डाव्या बाजूचं झाकण उघडलं.
कवच आणि झाकण यांच्यामधला कागद
बाबांनी कात्रीने कापलेला,
तेल पिऊन पिऊन मधासारखा झालेला.
उजेडात धरला, तर अक्षरं.
निळी, उजवीकडे झुकलेली.
लाखो हस्ताक्षरं गेली माझ्या हाताखालून,
हे मी अंधारातही ओळखलं असतं.

आईचं पत्र. टाट्राच्या सॅनेटोरियममधून,
माझ्या जन्माच्या पाच वर्षं आधीचं.
मधलं सगळं कात्रीने नेलेलं,
उरली नुसती कड, झाकणाच्या आकाराची,
आणि कडेवर वाक्यांची टोकं.
'...खोकला आता फक्त रात्री...'
'...डॉक्टर म्हणतात वसंतात, पण ते काय...'
आणि खाली, वळणावर,
'...पैशांसाठी गाडी विकू न'
पुढे बोल्टचं भोक.

विकू नकोस?
की विकून टाक?
सहा मिलिमीटरच्या त्या भोकात
आई काय म्हणाली ते गेलं.

त्या साली दुकानात गॅस्केट मिळत नसणार,
साखरसुद्धा चिठ्ठीवर.
घरातला सगळ्यात जाड कागद हाच असेल.
की तिच्याकडे जायचं म्हणूनच
त्यांनी इंजिन उघडलं होतं?
वाचून कापलं,
की कापता कापता वाचलं?
आई बरी होऊन आली.
पुढे तीस वर्षं दोघांनी एका टेबलावर सूप प्यायलं,
मीठ इकडे दे, यापलीकडे फारसं काही बोलल्याचं मला आठवत नाही.
आता दोघंही अशा पत्त्यावर,
जिथे आमचं खातं टपाल नेत नाही.

नवं गॅस्केट मी पेन्शन ऑफिसच्या नोटिशीतून कापलं.
जाड असतो त्यांचा कागद.
एप्रिलमधल्या एका रविवारी, अंगणात,
झ्बिन्येक किक मोजत उभा.
नवव्या किकला ती शिंकली.
चौदाव्याला निळा धूर, चर्चपर्यंत जाईल असा आवाज,
आणि सगळ्या सशांनी एकदम मागचे पाय आपटले.
मी तिच्यावर बसले नाही.
हँडल धरून नुसती उभी राहिले, हात थरथरत होते,
तिच्यामुळे म्हणा.

रात्री टॉर्च घेऊन पाहिलं तर
झाकणाखाली तेलाचा एक थेंब.
फुगला. पडला.
दुसरा तयार होऊ लागला.
जुन्या कागदाने सत्तर वर्षं एकही गळू दिला नव्हता.

झ्बिन्येक म्हणतो, आता तयार मिळतात, रबराची.
बघू.
तोवर खाली एक बशी ठेवलीय,
आईच्या सेटमधली, जिचा कप कधीच फुटला.